कोलाक कुणाचा?

माझा पुतण्या कापडाची यंत्रे बसवण्याच्या कामावर दीड वर्ष जावा बेटावरील बांडुंग शहरी होता. परतला तेव्हा बमरोलीच्या आमच्या घरी प्रत्येकासाठी काही ना काही घेऊन आला. माझ्या हातावर त्याने वाळल्या पानात गुंडाळलेली एक काळसर तपकिरी ढेप ठेवली. नारळाच्या अर्ध्या करवंटीत ओतून गोठवलेली, म्हणून आकारही तसाच. नाकाशी नेली तर थोडा धुराचा आणि थोडा करपत आलेल्या साखरेचा वास. मी विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "काकू, ही गुला जावा. तिकडे साखरेला आणि गुळाला गुलाच म्हणतात."

पंचवीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला हा शब्द परका वाटणे शक्यच नव्हते. संस्कृत गुड, आपला गूळ, गुजरातीतला गोळ आणि जावातला गुला ही एकाच घरची भावंडे. त्या ढेपेचे काय करायचे असे विचारता त्याने कोलाक नावाच्या पदार्थाची कृती सांगितली. पिकलेली पण घट्ट केळी, नारळाचे दूध, हा गूळ, चिमूटभर मीठ आणि पांदान नावाचे एक सुवासिक पान. त्यात कुणी रताळे घालते, कुणी फणसाचे गरे, कुणी साबूदाणा. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी रोजा सोडताना इंडोनेशियात घरोघरी तो खातात आणि रस्त्याच्या कडेलाही मांडून विकतात.

दुसऱ्याच दिवशी मी तो करायला घेतला आणि पहिला खेप फसली. गूळ किसून थेट उकळत्या नारळाच्या दुधात टाकला, आच मोठी ठेवली आणि झाकण ठेवून कपडे वाळत घालायला गेले. परत येऊन पाहते तो दूध फाटून वर तेल सुटलेले, खाली चोथा आणि केळ्यांचा लगदा. माझ्या सासूबाई मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या, त्यांना आयुष्यात नारळाचे दूध माहीत नाही. पातेल्यात डोकावून त्यांनी विचारले, "हाई काय शे वं?" मला उत्तर देता येईना.

तरीही वाया कसे घालवायचे, म्हणून ते तसेच वाट्यांत वाढले. शेजारच्या वहिनी कारवारकडच्या. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "हें तर आमचेंच रसायन! फक्त आम्ही केळी शिजवत नाही." तेवढ्यात सुरतेतच जन्मलेल्या आणि गुजराती शाळेत जाणाऱ्या माझ्या नातवाने विचारले, "आजी, आ वानगी आपणी के एमनी?" म्हणजे हा पदार्थ आपला की त्यांचा?

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "आपलाच. आपल्या व्यापाऱ्यांनी जावाला नेला. गुला हा शब्दच बघ की." नातू खूश झाला, वहिनी खूश झाल्या, मीही झाले. ज्या गोष्टीचा मला काहीही आधार ठाऊक नव्हता ती मी शिक्षिकेच्या ठाम आवाजात सांगून टाकली होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते मला टोचू लागले. वर्गातल्या एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर मी समासात लाल शाईने 'पुरावा?' असे लिहिले असते. पुढचे काही महिने मी हा पुरावा शोधण्यात घालवले. जे हाती आले ते येथे मांडते.

प्रथम इकडून तिकडे काय गेले ते पाहू. त्याचा पुरावा भक्कम आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या सुरतेच्या आसपासचाच आहे.

सर्वांत आधी कापड. पाटणचे पटोळे इंडोनेशियाच्या बेटांवर राजघराण्यांतून आणि लग्नकार्यांतून पिढ्यान् पिढ्या जपले गेले. तेथेही त्याला 'पातोला' म्हणतात. कापसाला त्यांचा शब्द 'कापास' आहे, तो संस्कृत कार्पासावरून आलेला. मसाल्याच्या बेटांवर चांदीपेक्षा भारतीय कापडाला मागणी होती, हे युरोपीय व्यापाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीचा पीटर व्हान डेन ब्रुक १६१६ मध्ये सुरतेस उतरला तो याचसाठी. कंपनीचा पूर्वेकडील प्रमुख यान पीटरझोन कून याने १६१९ मध्ये मायदेशी पाठवलेल्या पत्रात हिशेब मांडला की गुजरातचे कापड सुमात्राच्या किनाऱ्यावर देऊन मिरी आणि सोने घेता येते. त्याच वर्षी जावावर बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, डचांनी आपले मुख्य ठाणे केले. सुरतेचा गठ्ठा बटाव्हियात आणि तिकडची लवंग-जायफळे सुरतेच्या बंदरात, असे हे चक्र दीर्घकाळ चालले.

कापडासारखा दगडही गेला होता. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रेसिक येथे मलिक इब्राहिम या धर्मोपदेशकाची कबर आहे; त्याचा मृत्यू १४१९ चा. त्या कबरीवरचा कोरीव संगमरवर खंभातच्या कारागिरीचा आहे. तसेच खंभाती दगड सुमात्रातही सापडतात. म्हणजे आपल्या आखातात घडवलेली शिळा जहाजाच्या पोटात घालून हजारो कोस नेली जात होती.

आणि माणसेही गेली. तापीच्या पलीकडच्या काठावर रांदेर आहे. तेथला नूरुद्दीन नावाचा विद्वान १६३७ मध्ये सुमात्राच्या टोकावरील आचे राज्यात गेला, सुलतान इस्कंदर सानीच्या आश्रयाला राहिला आणि १६३८ मध्ये त्याने 'बुस्तान अस्-सलातीन' हा मोठा ग्रंथ मलय भाषेत लिहायला घेतला. तिकडे आजही त्याला अर-रानिरी, म्हणजे रांदेरचा, म्हणून ओळखतात. पुढे तो परतला आणि १६५८ मध्ये वारला. सुरतेत एवढी वर्षे काढून मला हे ठाऊक नव्हते. आपल्या मराठी घरांत सुरतेचा इतिहास म्हटले की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, आणि तेथेच पुस्तक मिटते. नंतरचे आपले सुरतेला येणे तलवारीचे नव्हते. खानदेशातली माणसे ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसून, हातात पत्र्याची पेटी घेऊन उधना स्टेशनवर उतरली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, बमरोलीच्या लूमखात्यांत उभी राहिली. त्यांच्या येण्याची बखर अजून कुणी लिहिलेली नाही.

असो. येथवर वाचून वाचक म्हणतील, बाईंचे उत्तर बरोबरच होते की! कापड गेले, दगड गेला, विद्वान गेला, मग केळ्याची खीर का जाणार नाही? मलाही तसेच वाटले होते. मग मी वाटीतल्या एकेका वस्तूची चौकशी केली आणि पारडे दुसरीकडे झुकू लागले.

केळे घ्या. आम्हा खानदेशी माणसांना केळे म्हणजे रावेर-यावलचे, असा जन्मसिद्ध अभिमान. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु केळ्याच्या लागवडीचा सर्वांत जुना पुरावा सापडला आहे तो न्यू गिनी बेटावर, कुक नावाच्या दलदलीत, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा. आग्नेय आशियाची बेटे आणि न्यू गिनी हे केळ्याचे माहेर. आपल्याकडे ते पुष्कळ नंतर आले. जावात कोलाकसाठी वापरतात त्या केळ्यांपैकी एका जातीचे नाव 'पिसांग राजा' आहे. पिसांग म्हणजे केळे, हा शब्द त्यांचा. राजा मात्र आपला संस्कृतातला. फळ तिकडचे, त्याची पदवी इकडची.

नारळाचे प्रकरण आणखी गमतीचे. जगभरच्या नारळांच्या आनुवंशिक तपासणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून नारळाची लागवड दोन वेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाल्याचे दिसले. एक आग्नेय आशियाची बेटे, दुसरे दक्षिण भारत, श्रीलंका आणि मालदीव-लक्षद्वीपचा टापू. म्हणजे नारळ कुणी कुणाला दिला हा वादच उरत नाही. दोघांच्याही परसात तो होता.

मग गूळ. शब्द आपला, यात शंका नाही. पण जावातली ती ढेप उसाची नव्हे. माडाच्या किंवा आरेन नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाचा गोड रस काढून, आटवून ती करतात. गोव्यातही माडाच्या रसाचा काळा गूळ होतो आणि आपल्या दक्षिण गुजरातेत थंडीत नीरा पितात, तेव्हा ही विद्या आपल्याला अनोळखी नाही. तरी जावाच्या माणसाने आपल्या झाडाचा रस आपल्या परीने आटवला आणि त्याला नाव तेवढे लांबचे घेतले, असे दिसते. ज्या एका शब्दाच्या जोरावर मी सबंध पदार्थ भारताच्या खात्यावर जमा केला होता, तो शब्द एवढ्यापुरताच साक्षीदार निघाला.

सर्वांत मोठा धक्का दिला तो साबूदाण्याने. एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्र, आपला कोणता उपास साबूदाण्यावाचून सुटतो? आणि त्या शब्दाचा उगम मलय भाषेतला 'सागू'. त्या बेटांवर सागूचा ताड होतो. त्याच्या खोडातला गर कुटून, धुऊन पीठ काढतात. सुमात्रात झाडापासून पीठ काढून खातात, असे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरच्या आपल्या प्रवासावरून लिहून ठेवले आहे. आपल्याकडे आज मिळतो तो साबूदाणा या ताडाचा नसून कसावाच्या कंदाचा. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १९४० च्या दशकात महायुद्धामुळे पूर्वेकडून येणारा माल आटला, तेव्हा तमिळनाडूतील सेलम येथे त्याचे कारखाने वाढले. नाव इंडोनेशियाकडचे, कंद अमेरिकेचा, कारखाना सेलमचा आणि खिचडी आपली. रताळेही अमेरिकेहूनच आलेले. ज्या पदार्थांना आपण सोवळ्यातले समजतो, त्यांच्या पायाला समुद्राचे पाणी लागलेले आहे.

आता प्रश्न उरतो रसायनाचा. कारवार, गोवा, मंगळूर या पट्ट्यात केळ्यांचे काप गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात घालून, वेलची लावून रसायन करतात. कोकणात गौरी-गणपतीत घावन-घाटले होते. मालवणकडे तांदळाच्या शिरवाळ्या गुळाच्या नारळीरसाबरोबर खातात. यांचे आणि कोलाकचे साम्य इतके, की एकाच आईची लेकरे वाटावीत. परंतु जेथे माड, केळ आणि गोड रस तिन्ही एका अंगणात आहेत, तेथे ती एका पातेल्यात जाणारच. त्यासाठी जहाजाची गरज नाही.

पदार्थ खरोखरच समुद्र ओलांडून येतो तेव्हा कसा दिसतो, हेही सुरतेतच पाहायला मिळते. येथे 'खावसा' नावाचा पदार्थ मिळतो. नारळाच्या दुधाची आमटी, त्यात शेवया, वरून कुरकुरीत तळण आणि लिंबू. ब्रह्मदेशातल्या खाउस्वेचे हे सुरती रूप. रांदेरच्या व्यापारी कुटुंबांचे रंगूनला पिढ्यान् पिढ्या जाणे-येणे होते. ती माणसे परतली आणि ही चव घेऊन परतली. येथे नावही आले, कृतीही आली आणि ती आणणाऱ्या माणसांची घरेही दाखवता येतात. कोलाक आणि रसायन यांच्यात अशी माणसे दाखवता येत नाहीत. साम्य पाहिले की नाते जोडण्याची आपली सवय जुनी आहे, आणि नाते जोडले की मोठेपणा आपल्याकडे घेण्याची त्याहून जुनी.

या शोधात एक दिवस मी नातवाला घेऊन कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत गेले. तेथे घुमटाची एक दुमजली भव्य कबर आहे, हेंड्रिक व्हान रेडे याची. हा डच कंपनीचा मलबारातला अधिकारी. त्याने कोचीनला बसून तिकडच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. तो १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्या खंडातली पहिली वनस्पती नारळ आहे आणि त्याच खंडात केळही आहे. या कामात ज्या स्थानिक जाणकारांनी मदत केली त्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ चे निवेदन नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत त्या ग्रंथात छापलेले आहे. हे गौड सारस्वत. त्यांचा समाज गोवा सोडून कोचीनला जाऊन वसलेला. परक्या मुलखात राहूनही त्यांनी आपले लिहिणे आपल्या भाषेत केले. व्हान रेडे १६९१ च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेला येताना मुंबईच्या जवळ जहाजावरच वारला आणि सुरतेत पुरला गेला.

त्या कबरीच्या सावलीत नातवाला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे ते वैद्य आपल्यासारखेच. राहायचे दुसरीकडे आणि लिहायचे आपल्या भाषेत." मला आत कुठेतरी लागले, कारण तो स्वतः मराठी बोलतो खरा, पण लिहायला सांगितले की अडखळतो. घरात अहिराणी, वर्गात गुजराती, गल्लीत हिंदी आणि ओडियासुद्धा. अशा मुलाने 'हे आपले का' असे विचारले, तर तो फक्त खिरीबद्दल विचारत नसतो. त्याला खोटे मोठेपण सांगून त्याच्या हाती काही पडत नाही. उद्या जावाचा कुणी मुलगा भेटला तर तो उगाच भांडेल एवढेच.

घरी येताना बसमध्येच मी त्याला म्हटले, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. कोलाक त्यांचाच आहे. रसायन कारवारच्या आजींचं. दोघांनी आपापल्या घरी शोधून काढलं. आपल्याकडून तिकडे कापड गेलं आणि गुळाचं नाव गेलं. त्यांच्याकडून आपल्याकडे केळं आलं आणि साबूदाण्याचं नाव आलं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आपलं काय?" मी म्हटले, "आपण केलं की आपलं. पण कुणाचं शिकून केलं ते सांगायचं."

पुढच्या एकादशीला कोलाक पुन्हा केला, या वेळी नीट. कृती सांगून ठेवते, कारण सांगून ठेवल्याशिवाय पदार्थ टिकत नाही.

एक मोठा नारळ खवून कोमट पाण्यात वाटावा आणि फडक्यातून पिळून पहिले घट्ट दूध वेगळे ठेवावे. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरे पातळ दूध काढावे, साधारण तीन वाट्या. पाऊण वाटी गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. जावाचा गूळ कोण आणणार? गोव्याकडचा माडाचा गूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला उसाचा काळपट गूळ चालतो. पातळ दुधात आधी रताळ्याचे तुकडे मंद आचेवर शिजवावेत, मग गुळाचे पाणी, मग भिजवलेला मूठभर साबूदाणा. साबूदाणा काचेसारखा दिसू लागला की चार केळ्यांचे तिरके जाड काप घालावेत. केळी पिकलेली पण घट्ट हवीत. राजेळी मिळाली तर ती शिजूनही मोडत नाहीत. शेवटी पहिले घट्ट दूध आणि चिमूटभर मीठ घालून, सतत ढवळत, उकळी फुटण्याआधीच उतरवावे. झाकण ठेवून कपडे वाळत घालायला जाऊ नये.

पांदानच्या पानाचेही कोडे सुटले. कारवारच्या वहिनींच्या माहेरी परसात भातात घालण्यासाठी लावलेली आंबेमोहोराची पात म्हणजे तेच झाड, आपल्या केवड्याचे भावंड. बासमतीला आणि आंबेमोहोर तांदळाला जो वास येतो, तोच या पानाला. त्यांनी गावाहून एक रोप आणून आमच्या गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात लावून दिले. आता बमरोलीच्या तिसऱ्या मजल्यावर ते तग धरून आहे.

सासूबाईंना उपास होता. वाटी पुढे ठेवली तर त्यांनी आधी विचारले, "उपासले चाली का?" मी एकेक जिन्नस मोजून दाखवला. केळे, नारळ, गूळ, रताळे, साबूदाणा, सैंधव, सगळे उपासाचे. मग सांगितले की तिकडची माणसेही हे उपास सोडतानाच खातात, त्यांचा रमजानचा उपास. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "गोड शे. पन मीठ कसाले?"

मी सांगितले की तिकडे तसेच करतात. त्यांनी मान हलवली आणि वाटी पुन्हा पुढे केली. नातू शेजारी बसून वहीच्या पानावर मराठीत काहीतरी लिहीत होता. मी वाकून पाहिले. कृती उतरवत होता. पहिल्याच ओळीत 'केळी' ऱ्हस्व काढली होती. मी काही बोलले नाही. पान पूर्ण होऊ दिले आणि मगच पेन्सिल हाती घेतली.